आता कोणाला दाखवायचे आहे?

‘आता कोणाला दाखवायचे आहे?’ मराठी घरांतून फार सहजपणे उच्चारल्या जाणाऱ्या क्रूर वाक्यांपैकी हे एक वाक्य आहे. ते बोलणारी माणसे क्रूर असतात असे नाही. पुष्कळदा ती प्रेमळच असतात. आजारपणात उशाशी बसून रात्र जागवणारी, पेजेचा वाडगा हातात देणारी, दवाखान्याच्या रांगेत तासन्‌तास उभी राहणारी. म्हणूनच ह्या वाक्याचा समाचार घेण्याचे काम अवघड झाले आहे. परक्याने शिवी दिली तर तिला उत्तर देता येते. सासूने, जावेने, सख्ख्या बहिणीने मायेच्या स्वरात हे वाक्य टाकले की बाई गप्प बसते. ह्या गप्प बसण्याविरुद्ध मला आज लिहायचे आहे.

विषय आडवळणाने न सांगता सरळच सांगते. कर्करोगासाठी स्तन काढून टाकलेल्या बाईच्या छातीत सिलिकॉनची पिशवी बसवून स्तनाची पुनर्रचना करतात. ही पिशवी पुढेमागे जागा सोडू शकते. कधी ती खाली उतरते, कधी वर चढते, कधी काखेकडे सरकते. मग पुन्हा शस्त्रक्रिया करून ती जागेवर आणावी लागते, बदलावी लागते, नाहीतर काढून टाकावी लागते. ह्या दुसऱ्या शस्त्रक्रियेला आपल्याकडे ‘चोचले’ म्हणतात. ते चोचले नव्हेत, तो उपचाराचाच राहिलेला भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

दिवाळी अंकात, सासू-सुना-नातवंडांनी मिळून वाचायच्या पानांत हा विषय कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात आलाच असेल. त्यांना मी एवढेच आठवण करून देईन की रघुनाथ धोंडो कर्वे ह्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, ‘समाजस्वास्थ्य’ चालवले. त्यापायी खटले सोसले, आणि १९३४ साली त्यांच्या बाजूने न्यायालयात डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शरीराबद्दल सभ्य मराठीत स्पष्ट बोलता येते हे सिद्ध होऊन एवढा काळ लोटला. तरीही आपण फराळाच्या ताटाशी बसून मधुमेहाच्या गोळ्यांची आणि गुडघ्याच्या वाट्यांची चर्चा मोकळेपणी करतो, आणि छातीचा विषय निघाला की चकलीकडे पाहू लागतो.

आता हे सांगण्याचा मला अधिकार काय, तेही सांगते. मी देऊळघाटची. बुलढाण्याजवळचे, पैनगंगेकाठचे हे गाव. शाळेत मुलांना गणित शिकवण्यात माझी उमर गेली. २०१४ साली माझ्या डाव्या स्तनात गाठ निघाली. बुलढाण्याला रेल्वे नाही; राजूर घाट उतरून मलकापूरला जायचे आणि तिथून मुंबईची गाडी धरायची. तो प्रवास मी किती वेळा केला ह्याचा हिशेब गणिताच्या बाईलाही ठेवता आला नाही. स्तन काढला, केमो झाले, पिशवी बसवली, शेक दिले. पाचव्या वर्षी ती पिशवी वर आणि काखेकडे सरकू लागली. डाव्या कुशीवर निजता येईना, फळ्यावर वरच्या ओळीत लिहायला हात उचलला की छातीतून कळ निघे, आणि पोलके शिवणारी बाई माप घेताना दोरी दोनदा लावून पाही.

त्या वेळी मी तीन उत्तरे ऐकली. घरात उत्तर मिळाले, ‘आता कोणाले दाखवाचं हाये, बाई?’ शेजारच्या मुसलमान मोहल्ल्यातली माझी मैत्रीण कळवळून म्हणाली, ‘अब किसकू दिखाना है, टीचर?’ म्हणजे बोली बदलली तरी वाक्य तेच. दवाखान्यातल्या एका डॉक्टरांनी हसून विचारले, ‘जीव वाचला ना? मग आता काय हवे?’ आणि विमा कंपनीने छापील कागदावर कळवले की ही सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया असल्याने तिचा खर्च मिळणार नाही. घर, दवाखाना आणि कचेरी ह्यांचे एरवी कधी एकमत होत नाही. माझ्या छातीच्या बाबतीत मात्र ते झाले!

ह्या एकमताच्या बुडाशी एक गृहीत धरलेली गोष्ट आहे. बाईच्या शरीराचा हा भाग दुसऱ्याने पाहण्यासाठी किंवा दुसऱ्याने पिण्यासाठी असतो. नवऱ्याचे वय झाले, मुले मोठी झाली, की त्याचे काम संपले. मग तो वाकडा असो, सरकलेला असो, दुखत असो. त्याची तक्रार करणारी बाई नटवी ठरते. ही समजूत दुसऱ्या कोणत्या अवयवाला लावून पाहावी. सत्तरीच्या आजोबांची कवळी सैल झाली तर ‘आता काय चावायचे आहे?’ असे त्यांना कोणी विचारत नाही. जयपूरचा पाय १९६८ च्या सुमारास तयार झाला. तो लावून शेतात जाणाऱ्या माणसाचा पट्टा सैल झाला तर तो दुरुस्त करून घे, असेच आपण त्याला सांगतो. मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवलेले भिंग सरकले तर घरचे लोक त्याच दिवशी गाडी काढतात. छातीतली पिशवी सरकली तेवढीच बाईची हौस कशी होते?

कोणी म्हणेल की दात, पाय आणि डोळा ह्यांना काम आहे; ह्या पिशवीला काम काय? हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. त्याचे उत्तर मात्र आपल्या महाराष्ट्रानेच दोनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवले आहे. इंग्रजांच्या फौजेत बैलगाडी हाकणारा कावसजी नावाचा एक माणूस टिपूच्या लोकांच्या हाती सापडला. त्यांनी त्याचे नाक कापले. पुढे पुण्याकडच्या एका वैद्यकर्म्याने, जातीने कुंभार होता म्हणतात, त्याच्या कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. इंग्रज डॉक्टरांनी ते पाहिले, आणि लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’मध्ये १७९४ च्या ऑक्टोबरात त्याची हकीकत चित्रासह छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या इंग्रज शल्यवैद्याने १८१४ साली लंडनमध्ये तीच शस्त्रक्रिया केली. युरोपात आधुनिक प्लास्टिक सर्जरीला जी चालना मिळाली तिच्यामागे ही पुण्याकडची कातडी आहे.

आता विचार करावा. कावसजीला नाकावाचून श्वास घेता येत नव्हता काय? येत होता. तो जिवंत होता, जेवतखात होता. मग त्याला नाक कशासाठी हवे होते? चार माणसांत मान वर करून उभे राहण्यासाठी. त्या कुंभाराने त्याला ‘आता कोणाला दाखवायचे आहे?’ असे विचारले नाही. नाक कापले जाणे म्हणजे काय हे मराठी भाषेला चांगले ठाऊक आहे, म्हणूनच तिने अब्रूला नाक म्हटले. बाईच्या अंगाचा तुकडा कापला जातो तेव्हा तिचेही काही कापले जाते, एवढे मात्र त्या भाषेला सुचले नाही.

ही पिशवी जागा सोडते कशी, हे थोडे समजून घेतले पाहिजे; कारण अज्ञान हे ‘चोचले’ ह्या शब्दाचे मुख्य भांडवल आहे. शरीरात कोणतीही परकी वस्तू ठेवली की शरीर तिच्याभोवती व्रणाच्या पेशींची एक भिंत बांधते. प्रत्येकीच्या शरीरात ती होते. ती पातळ आणि मऊ राहिली तर पिशवी सुखाने बसते. ती जाड होऊन आवळू लागली तर पिशवी घट्ट होते, आकार बदलते, वर ढकलली जाते. शेक दिलेल्या छातीत असे आवळण्याचा धोका अधिक असतो, कारण किरणांनी तिथली कातडी आणि स्नायू कडक होतात. उलट, पिशवीसाठी केलेला कप्पा मोठा झाला किंवा खालचा आधार सैल पडला, तर ती खाली किंवा बाजूला घसरते; खिशाची शिवण उसवली की आतली डबी जशी अस्तरात उतरते तशी.

दुरुस्ती करताना शल्यवैद्य जुनी जखम उघडतो. कप्पा सैल असेल तर टाके घालून तो लहान करतो. भिंत जाड असेल तर ती सोडवतो किंवा काढतो. कधी स्नायूच्या खालची पिशवी वर आणतो, कधी वरची खाली नेतो. कधी आधाराला जाळी लावतो. कधी लहान पिशवी घालतो. कातडी अगदीच दुबळी झाली असेल तर पाठीचा किंवा पोटाचा भाग आणून बाईच्या स्वतःच्या मांसाचाच स्तन करतात, आणि परक्या पिशवीची कटकट मिटते. हे सगळे भुलीखाली, टाक्यांसह, जंतुसंसर्गाच्या आणि रक्तस्रावाच्या धोक्यासह होते. एवढे सोसायला कोणी हौसेने जाते असे ज्यांना वाटते त्यांनी एकदा त्या टेबलावर निजून पाहावे.

मात्र माझा रोख केवळ घरातल्या माणसांवर नाही. ही पिशवी विकणारे आणि बसवणारे ह्यांच्याकडेही मला बोट दाखवायचे आहे. सिलिकॉनची पहिली पिशवी १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे बसवली गेली. तेव्हापासून तिची जाहिरात जन्मभराच्या दागिन्यासारखी झाली. खरी गोष्ट अशी की अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ साली स्पष्ट सांगितले, की ह्या पिशव्या जन्मभर टिकणाऱ्या नाहीत. केवळ आकार वाढवण्यासाठी बसवलेल्यांपैकी पाचात एकीला, आणि पुनर्रचनेसाठी बसवलेल्यांपैकी दोघींत एकीला, दहा वर्षांच्या आत ती काढावी लागते. दोघींत एक! नाणे उडवून छापा-काटा पाहावा इतकी ही शक्यता आहे. हे गणित पहिल्या शस्त्रक्रियेच्या आधी, बाईला कळेल अशा मराठीत, कागदावर लिहून किती ठिकाणी देतात? इंग्रजीत छापलेल्या संमतिपत्रावर तिच्या नवऱ्याची सही घेतली म्हणजे तिला सांगितले असे होत नाही.

आणि विकणाऱ्यांचा तरी काय भरवसा? फ्रान्समधल्या ‘पीआयपी’ नावाच्या कंपनीने औषधी दर्जाच्या ऐवजी कारखान्यात वापरायचे स्वस्त सिलिकॉन पिशव्यांत भरले. २०१० साली ते उघडकीस आले, तोवर अनेक देशांतल्या लाखो बायकांच्या छातीत तो माल जाऊन बसला होता. कंपनीच्या मालकाला २०१३ साली चार वर्षांची शिक्षा झाली. परंतु ह्या प्रकरणातली दुसरी बाजू आपण लक्षात ठेवण्याजोगी आहे. फ्रेंच सरकारने त्या पिशव्या काढण्याचा खर्च स्वतः उचलला, आणि कर्करोगानंतर पुनर्रचना केलेल्या बायकांना नवी पिशवी बसवण्याचाही. ‘आता कोणाला दाखवायचे आहे?’ असे त्या सरकारने विचारले नाही. २०१९ साली खरबरीत पृष्ठभागाच्या काही पिशव्यांचा एका दुर्मीळ कर्करोगाशी संबंध दिसून आला आणि त्या जगभरच्या बाजारातून परत घेतल्या गेल्या. म्हणून म्हणते, आपल्या छातीत कोणत्या कंपनीची, कोणत्या क्रमांकाची वस्तू आहे हे लिहिलेले कार्ड प्रत्येकीच्या ट्रंकेत, सात-बाराच्या उताऱ्याशेजारी असले पाहिजे.

माझ्या विरोधकांचा एक आक्षेप मात्र मी मनापासून मानते, आणि त्याला टाळून पुढे जाणे लबाडी होईल. ते म्हणतात, ‘बाई, आपल्याकडे गाठ वेळेवर सापडत नाही म्हणून बायका मरतात. तिथे पैसा आणि श्रम लावायचे सोडून तुम्ही सरकलेल्या पिशव्यांचे काय घेऊन बसलात?’ गाठ वेळेवर सापडली पाहिजे हे शंभर टक्के खरे आहे. टाटा रुग्णालयाच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या दीड लाखांवर बायकांची वीस वर्षे पाहणी केली. महागडी यंत्रे न वापरता, शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी केवळ हाताने छाती तपासली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नाशीपुढच्या बायकांत ह्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे तीस टक्क्यांनी कमी झाले. ही तपासणी देऊळघाटलाही होऊ शकते, घाटाखालीही होऊ शकते. ती झालीच पाहिजे.

पण तपासणीला बाई पुढे येत का नाही, हे एकदा विचारावे. गाठ हाताला लागूनही ती सहा-सहा महिने का लपवते? कारण छातीबद्दल बोलायचे नसते हे तिला न्हातीधुती झाल्यापासून शिकवलेले असते. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत परळला उपचार घेणारे रोगी उतरतात. तिथे नांदुऱ्याकडची एक बाई मला भेटली होती. गाठ लिंबाएवढी होईपर्यंत तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. का, तर ‘तो म्हणाला असता, तुझं काहीतरीच!’ ज्या तोंडावर गाठीसाठी हात ठेवला जातो त्याच तोंडावर पिशवीसाठीही हात ठेवला जातो. हात एकच आहे. तो काढायचा तर दोन्हीकडून काढला पाहिजे. जिच्या सरकलेल्या पिशवीची घरात थट्टा झाली, तिची सून आपली गाठ कोणाला दाखवणार?

आणखी एक गोष्ट. पिशवी बसवावीच, असा माझा आग्रह नाही. सरकलेली पिशवी काढून टाकून सपाट छातीने ताठ चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत; त्यांचे मला कौतुक आहे. कापसाच्या सुताची विणलेली हलकी छाती पोलक्यात घालून आनंदाने वावरणाऱ्याही पाहिल्या आहेत. कोणता मार्ग धरायचा ते जिचे अंग तिने ठरवावे. आणि जिने कर्करोगाशिवाय, निव्वळ आवडीने पिशवी बसवून घेतली, तिचे काय? तिला आपण हसतो. हसणाऱ्यांना मी विचारते, दारू पिऊन पडलेल्याचे मोडलेले हाड डॉक्टर जोडतात की नाही? वस्तू आत कशी गेली ह्याचा निवाडा करत बसणे हे शल्यवैद्याचे काम नव्हे, शेजाऱ्याचे तर नव्हेच. दुखते आहे ती बाई रोगी आहे, एवढे पुरे.

राहिली विमा कंपनी. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली वगळायच्या गोष्टींची भाषा ठरवून दिली आहे. सौंदर्यवर्धक आणि प्लास्टिक शस्त्रक्रिया विम्यातून वगळल्या आहेत; पण अपघात, भाजणे किंवा कर्करोग ह्यांनंतरची पुनर्रचना त्या वगळणुकीत येत नाही. हेच कलम उतरवून काढून मी कंपनीला पत्र लिहिले. दोनदा लिहिले. तिसऱ्या वेळी लिहावे लागले नाही. २०२१ साली माझी शस्त्रक्रिया झाली. आज मी डाव्या कुशीवर निजते. ह्यात शौर्य काही नाही. पण जिला कलम वाचता येत नाही, पत्र लिहिता येत नाही, तिचे काय, हा प्रश्न मला झोप लागण्याआधी छळतो. अमेरिकेने १९९८ साली कायदाच करून टाकला, की जी विमा कंपनी स्तन काढण्याचा खर्च देते तिने पुनर्रचनेचा, दुसरी बाजू सारखी करण्याचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या त्रासाचाही खर्च द्यावा. आपल्याकडे अशी स्पष्ट तरतूद व्हावी, आणि सरकारी योजनांतही दुरुस्तीची शस्त्रक्रिया कर्करोगाच्या उपचारातच धरली जावी. २०२४ साली बुलढाण्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तिथे ह्या बायकांसाठी आठवड्यातून एक दिवस, पडदा असलेली एक खोली आणि तपासायला एक बाई डॉक्टर एवढे मिळाले, तरी राजूर घाटाच्या कित्येक खेपा वाचतील.

सरकारने करायचे ते सरकार करील, न केल्यास आपण भांडू. पण ते वाक्य सरकारने काढलेले नाही. ते आपल्या माजघरात जन्मले आणि तिथेच ते थांबवावे लागेल. दोन-चार दिवसांत घरोघर अभ्यंगस्नाने होतील. तेल लावताना एखादी बहीण, एखादी जाऊ पदर घट्ट धरून म्हणेल, ‘माझी मी लावून घेते.’ तिला आग्रह करू नका, थट्टाही करू नका. नंतर, ती एकटी असताना, दुखते का एवढे विचारा, आणि ती सांगेल ते पुरते ऐकून घ्या. भाऊबीजेला भाऊ ओवाळणी काय घालू म्हणून विचारतात. साडी तिच्या पेटीत पुष्कळ असतील. ह्या वर्षी त्यांनी तिला घेऊन दवाखान्यात जावे, बाहेरच्या बाकावर बसावे, आणि परत येताना गाडीत ‘आता हे कशाला’ असे एकदाही म्हणू नये.